काकूंची गाडी आणि चार घरं: खारघरमधल्या एका सोसायटीचं प्रकरण

आमच्या सोसायटीतल्या काकूंची एक गाडी चार घरांनी वाटून वापरली, त्याची ही हकिगत. या प्रकरणाच्या काळात मी सोसायटीचा खजिनदार होतो. गाडी माझी नव्हती, मी ती चालवलीही नाही. पण चावी, वही आणि नंतरचे विम्याचे कागद माझ्या डोळ्यांसमोरून गेले. चारही घरांनी लिहायला परवानगी दिली आहे. नावं, इमारत आणि सेक्टर वगळला आहे.

पार्श्वभूमी

पेठपाडा मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे. स्टिल्टमध्ये ५१ गाड्या मावतात, बाकीच्या रस्त्याला. खारघर रेल्वे स्टेशन गावाच्या एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू होईपर्यंत इथल्या माणसाचा दिवस बसची वाट पाहण्यात नाहीतर शेअर रिक्षात अवघडून बसण्यात जायचा. त्यामुळे इथे गाडी घेतात ती हौसेपेक्षा वैतागाने.

तळमजल्यावरच्या काकू निवृत्त शिक्षिका. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांचे यजमान गेले. त्यांची २०१७ची वॅगन आर राखाडी कव्हरखाली उभी राहिली. काकूंना गाडी येत नाही, मुलगा पुण्यात. दर रविवारी वॉचमन इंजिन चालू करून दहा मिनिटं तसंच ठेवायचा. डिसेंबरात बॅटरी उतरली, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "विकायला मन होत नाही, आणि अशी उभी बघवतही नाही."

पाचव्या मजल्यावर एक जोडपं राहतं. ती कामोठ्याच्या एका रुग्णालयात नर्स, तो महापेला कंपनीत. पदरी वर्षाचं बाळ, गाडी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांकडे दोन गाड्या आणि पार्किंगची जागा एक. छोटी गाडी कायम रस्त्यावर. चौथं घर म्हणजे भाड्याने राहणारे दोन तरुण. जानेवारी २०२४मध्ये या चौघांत गाडी फिरू लागली. कुणी बैठक घेतली नाही. बाळाच्या लसीकरणासाठी नर्सताईंनी चावी मागितली, काकूंनी दिली, आणि तिथून सुरुवात झाली.

अडचण

पहिल्या दोन महिन्यांत सगळे खूश होते. वॉचमनच्या टेबलावर एक वही: कोण, कधी, किती किलोमीटर. नियम एकच, "जेवढं जाळलं तेवढं पेट्रोल भरा."

इथेच दोन गोष्टी सुटल्या होत्या. पहिली कागदाची. गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, अजून दिवंगत काकांच्या नावावर होती. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा नियम ५६ सांगतो. आम्ही कुणीच ते पाहिलं नव्हतं. मुलाने पुण्यात बसून ऑनलाइन विमा नूतनीकरण केलं होतं, तेही वडिलांच्याच नावाने. म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारीत चार घरं जी गाडी चालवत होती, तिचा मालक आणि विमेदार, दोन्ही कागदांवर, हयात नसलेला माणूस होता. ते साठ दिवस निर्विघ्न गेले हे केवळ नशीब. मार्चमध्ये पनवेल आरटीओत मृत्यू दाखला, मुलाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र वगैरे देऊन गाडी काकूंच्या नावावर झाली, आणि मग विमाही.

दुसरी गोष्ट पैशाची. पहिल्या तीन महिन्यांत वहीत ६१ फेऱ्या होत्या, त्यातल्या २३ तीन किलोमीटरच्या आतल्या. दूध, इस्त्रीचे कपडे, सेंट्रल पार्कला फिरायला. दीड किलोमीटरसाठी पंपावर कोण जाणार? सगळ्यांनी मनात "पुढच्या वेळी भरू" म्हटलं. एप्रिलमध्ये काकूंनी पेन्शनमधून तीन हजारांहून जास्तीचं पेट्रोल भरलं आणि चकार शब्द काढला नाही. वॉचमनने मला सांगितलं म्हणून कळलं.

याच फेऱ्या पूर्वी पायी किंवा रिक्षाने होत होत्या. गाडी वाटून घेतली तर रस्त्यावरचा भार कमी होतो असं आपण धरून चालतो. आमच्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत उलटं दिसत होतं.

समोरचे पर्याय

मे महिन्यात काकूंच्या घरी बसून चार पर्यायांवर बोलणं झालं.

गाडी विकणं हा सर्वांत सरळ मार्ग. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय इंजिनिअरांनी आणला: गाडी ॲपवर टाकायची. आपली उभी गाडी अनोळखी माणसाने तासांवर न्यायची, ॲपने कमिशन कापून उरलेले पैसे मालकाला द्यायचे. अमेरिकेत ही पद्धत २०१०च्या सुमारास रुजू लागली आणि तिथे पहिला प्रश्न विम्याचाच निघाला. शेजाऱ्याला पैसे घेऊन गाडी दिली म्हणून ती व्यावसायिक ठरवू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१०मध्ये केला, मग गाडं पुढे सरकलं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि त्याची चौकट वेगळी आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी वापर. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. परवान्याशिवाय खासगी गाडी भाड्याने वापरू देणं कलम ६६च्या विरुद्ध, आणि त्यासाठी कलम १९२-अ मध्ये दहा हजारांचा दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. भाड्याच्या गाड्यांसाठी १९८९ची जी योजना आहे, तिच्यात परवाना मागणाऱ्याकडे किमान ५० गाड्या लागतात. एका निवृत्त शिक्षिकेची एक वॅगन आर त्यात कुठे बसणार? शिवाय खासगी गाडीच्या पॉलिसीत "भाडे किंवा मोबदला घेऊन वापर" स्पष्ट वगळलेला असतो. ती ओळ मी सगळ्यांना वाचून दाखवली. ॲपचा पर्याय त्या ओळीवर संपला.

तिसरा पर्याय, आहे तसं चालू ठेवायचं पण किलोमीटरमागे दर लावायचा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, गाडी शहरात सोळाच्या आसपास देते, म्हणजे साडेसहा रुपये नुसत्या पेट्रोलचे. टायर, सर्व्हिसिंग, विमा धरून १२ रुपये दर निघाला. उरलेले पैसे काकूंना. हा पर्याय सगळ्यांना पटला, मलाही. जूनच्या बैठकीत ठरलं की १ ऑगस्टपासून दर लागू करायचा.

चौथा पर्याय, गाडी दोन-तीन घरांनी मिळून मालकीची करायची, तेव्हा कुणी गंभीरपणे घेतला नाही. "एवढ्याशा गाडीला करारबिरार कशाला," असं मीच म्हणालो होतो.

महिन्याभरापूर्वी ॲपला आम्ही ज्या कारणाने नकार दिला, तेच कारण १२ रुपयांच्या दरालाही लागू पडत होतं. पैसे घेणारं ॲप नसून शेजारीण आहे, एवढ्याने पॉलिसीतली ओळ बदलत नाही. ती ओळ मी स्वतः वाचली होती, तरी दर ठरवताना मला ती आठवली नाही. या सगळ्या प्रकरणात माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

१९ जुलैची संध्याकाळ

पाऊस धो धो पडत होता. उत्सव चौकाजवळ पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला आणि आमची गाडी मागून आदळली. रिक्षाचालकाचा गुडघा दुखावला. गाडी चालवत होता इंजिनिअरांचा वीस वर्षांचा मुलगा. लायसन्स होतं, वैध होतं. पण वहीत नाव वडिलांचं होतं. गाडी "घराला" दिली होती. घरातल्या कोणाला, हे कधी ठरलंच नव्हतं.

मुलगा घाबरला पण पळाला नाही. रिक्षाचालकाला घेऊन तो दवाखान्यात गेला, वडिलांना फोन केला, त्याच रात्री पोलिसांत नोंद झाली. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना व विमा कंपनीला कळवणं ही कायद्याने चालकाची जबाबदारी आहे. रस्त्यावर दोन हजार हातात टेकवून मिटवायची सवय आपल्याकडे जुनी असली तरी. फोन मात्र काकूंना गेला, कारण आरसीवर नाव त्यांचं. ६७ वर्षांच्या काकू छत्री घेऊन दवाखान्यात पोचल्या. पुढचे तीन आठवडे त्या रिक्षाचालकाच्या घरी फोन करून त्याची चौकशी करत होत्या.

खरा कसोटीचा क्षण चार दिवसांनी आला. विम्याच्या दाव्याची तपासणी करणारा सर्व्हेअर आला आणि त्याने लेखी विचारलं: चालकाचं मालकाशी नातं काय, आणि गाडी मोबदला घेऊन दिली होती का? आदल्या रात्री ग्रुपवर एकाने सुचवलं होतं, "काकूंचा भाचा आहे म्हणून सांगा, प्रश्नच मिटेल." दोघांनी होकारही दिला. नर्सताईंनी तेवढं लिहिलं: "उद्या रिक्षावाल्याने दावा केला आणि कोर्टात कुणी विचारलं, तर काकू खोटं बोलणार आहेत का?" त्यावर ग्रुप शांत झाला. खरं तेच सांगायचं ठरलं: शेजाऱ्याचा मुलगा, गाडी विनामोबदला दिलेली, पेट्रोल वापरणाऱ्याने भरायचं. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या.

पाच आठवड्यांनी दावा मंजूर झाला. दुरुस्तीचं बिल १८,४०० रुपये. प्लास्टिकच्या भागांची निम्मी घट आणि हजार रुपयांची सक्तीची कपात जाऊन उरलेलं मिळालं. जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला. रिक्षाचालकाच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई इंजिनिअरांनी दिली.

धडक १९ जुलैला झाली. दर १ ऑगस्टपासून लागणार होता. तेरा दिवस उशिरा हेच घडलं असतं तर "मोबदला घेतला का" या प्रश्नाला खरं उत्तर "हो" होतं. विमा कंपनी बाजूला झाली असती आणि रिक्षाचालकाच्या भरपाईचा बोजा फिरून काकूंवर आला असता. पैसे मिळणार होते महिन्याला पाच-सातशे.

काय बदललं

दराचा निर्णय मागे घेतला. चावी महिनाभर माझ्या कपाटात राहिली. सप्टेंबरमध्ये एका वकिलांना फी देऊन विचारलं, तेव्हा बाजूला सारलेला चौथा पर्याय परत आला. मोटार वाहन कायद्यातच, कलम ४१मध्ये, संयुक्त मालकीचा उल्लेख आहे: गाडी अनेकांची असेल तर त्यांच्यापैकी एकाने सर्वांच्या वतीने अर्ज करायचा आणि कायद्यापुरता तोच मालक समजला जातो. स्वतःच्या गाडीच्या खर्चाचा आपला वाटा देणं म्हणजे भाडं नव्हे.

गाडीची किंमत २ लाख ४० हजार धरली. तीन वाटे: काकू, नर्सताईंचं घर, इंजिनिअर. काकूंना एक लाख साठ हजार मिळाले आणि एक वाटा त्यांच्याकडेच राहिला. नोव्हेंबर २०२४मध्ये पाचशेच्या मुद्रांकावर करार झाला आणि गाडी हस्तांतर करून नर्सताईंच्या नावावर केली. नाव त्यांचंच का, यावर बराच वेळ गेला, आणि जावा असाच तो प्रश्न होता. पॉलिसीबरोबर सक्तीने घ्यावं लागणारं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच फक्त नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतं. काकू चालवतच नव्हत्या. म्हणजे गेलं वर्षभर त्या कवचाचा हप्ता भरला जात होता आणि गाडीत चालक म्हणून बसलेल्या एकालाही त्याचा उपयोग नव्हता. रात्रीच्या पाळीला सर्वांत जास्त चालवणार त्या नर्सताई. बाकीच्या चालकांनी स्वतःचं वेगळं अपघात कवच घ्यायचं, ही करारातली अट. विमा कंपनीला संयुक्त मालकी लेखी कळवली.

करारात चालकांची नावं आहेत, घरांची नाहीत. इंजिनिअरांचा मुलगा त्यात आहे. त्याला वगळावं असं काहींचं मत होतं, काकूंनी ते मोडून काढलं. विमा आणि सर्व्हिसिंग तिघांत समान. वापराचे किलोमीटरमागे आठ रुपये संयुक्त खात्यात, आणि कितीही छोटी फेरी असली तरी किमान साठ रुपये. ई-चलन आलं तर त्या वेळी वहीत ज्याचं नाव त्याने भरायचं, फास्टॅगचंही तसंच. वही आता वॉचमनकडे नाही. चावी नंबरच्या कुलपाच्या पेटीत असते.

वहीत दिसलेला प्रवास

साठ रुपयांच्या किमान आकारणीने जे केलं ते कुणाच्या उपदेशाने झालं नसतं. जानेवारी ते मार्च २०२५मध्ये ४० फेऱ्या झाल्या, त्यात तीन किलोमीटरच्या आतल्या फक्त सहा. गाडी एकदा घेतली की प्रत्येक फेरी फुकट वाटते. खर्च हप्त्यात, विम्यात, सर्व्हिसिंगच्या बिलात विखुरलेला असतो. तोच फेरीच्या ओळीसमोर लिहिला की माणूस इस्त्रीचे कपडे आणायला चालत जातो. इंजिनिअरांच्या पत्नी मला म्हणाल्या, "पूर्वी आमची गाडी होती म्हणून नेत होतो. आता वहीत लिहायचं म्हटलं की पाय आठवतात."

इंजिनिअरांनी रस्त्यावर उभी असणारी छोटी गाडी डिसेंबर २०२४मध्ये विकली. त्यांचं ऑफिस बेलापूरला. मेट्रो सुरू होऊन वर्ष उलटलं तरी ते गाडीनेच जात होते, "आहे तर वापरू" म्हणून. ती गेल्यावर पेठपाड्याहून मेट्रो. गाडी विकल्याचं श्रेय फक्त वाटणीला देणं चुकीचं ठरेल. रोजच्या जाण्यायेण्याला मेट्रो नसती तर अडीअडचणीला वाटणीची गाडी पुरली नसती.

नर्सताईंच्या बाबतीत चित्र उलटं आहे. पूर्वी त्या बसने खारघर स्टेशन, तिथून पुढचं स्टेशन मानसरोवर, मग रिक्षा, अशा कामोठ्याला जायच्या. आता आठवड्यातून दोन-तीन वेळा रात्रपाळीला गाडी नेतात. जिथे एकही किलोमीटर गाडी चालत नव्हती तिथे आता चालते. याला मी तोटा म्हणणार नाही. रात्री अकराला फलाटावर एकटं उभं राहणं टळलं, त्याची किंमत किलोमीटरमध्ये काढता येत नाही. आणखी एक बदल: ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. वाशीचे जाताना ४५ आणि येताना ४५ वाचू लागले आणि रविवारच्या दादरच्या फेऱ्या वहीत लगेच वाढल्या. तिथे लोकल हरली.

बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या सामायिक गाड्यांच्या सदस्यांचा अभ्यास करून २०११च्या सुमारास हेच मांडलं होतं. घरटी गाड्यांची सरासरी ०.४७ वरून ०.२४ वर आली. पण बहुसंख्य घरांचं प्रदूषण थोडं वाढलं होतं आणि थोड्या घरांचं खूप घटलं होतं, म्हणून एकूण बेरीज घटीची आली. ते कंपन्यांच्या मालकीच्या गाड्यांबद्दल होतं, शेजाऱ्याच्या गाडीबद्दल नव्हे. तरी नर्सताई त्या "थोडं वाढलं"मध्ये आणि इंजिनिअर "खूप घटलं"मध्ये मला स्पष्ट दिसतात.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०२५ला कराराला वर्ष झालं. वर्षभरात गाडी सुमारे ४,७०० किलोमीटर चालली. इंजिनिअरांची विकलेली एकटी गाडी, सर्व्हिसिंगच्या बिलांवरून, वर्षाला सहा हजारांच्या आसपास चालत होती. रस्त्यावरची एक गाडी कमी झाली. काकूंना महिन्यातून दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे कुणीतरी नेतं. ती फेरी त्यांच्याच नावावर लिहायची असा त्यांचा आग्रह असतो.

भांडणं झाली. दिवाळीच्या दोन दिवसांसाठी तिघांनाही गाडी हवी होती; चिठ्ठ्या टाकल्या, इंजिनिअर हरले आणि आठवडाभर नाराज होते.

पुन्हा करायचं झालं तर

चावी देण्याआधी आरसी आणि पॉलिसी टेबलावर ठेवून वाचणार. मालक हयात आहे का, इतका प्राथमिक प्रश्न आम्ही विचारला नव्हता. पैशांचा दर ठरवण्याआधी विमा कंपनीला एक पत्र लिहिणार. मे महिन्यात ते लिहिलं असतं तर करार सहा महिने आधी झाला असता. पेट्रोलची "जेवढं जाळलं तेवढं भरा" ही पद्धत मुळीच नको. त्यात बेइमानी कुणाचीच नसते आणि भुर्दंड नेहमी सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला पडतो.

सोसायटीला यातून बाहेर ठेवलं, ते मात्र पुन्हाही तसंच करेन. दोन सभासदांनी सोसायटीच्या नावाने गाडी घ्या असं सुचवलं होतं. एका अपघाताची जबाबदारी ८४ घरांच्या निधीवर टाकायचा अधिकार समितीला आहे असं मला वाटलं नाही.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. भाड्याने राहणारे ते दोन तरुण करारातून बाहेर पडले. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने ८० हजारांचा वाटा घेऊन काय करायचं, आणि घर सोडताना तो कोणाला विकायचा? खरं तर गाडी विकत न घेता अधूनमधून लागणारी माणसं म्हणजे हीच. मार्चमध्ये त्यांच्यातल्या एकाच्या वडिलांना पनवेल स्टेशनवरून पहाटे आणायचं होतं. त्याने आधी काकूंना विचारलं. काकूंनी नर्सताईंना, त्यांनी मला. पैसे न घेता, नर्सताईंनी स्वतः गाडी चालवून त्यांना आणलं. पुढच्या वेळी तो विचारायला आला नाही. वीकेंडला काळ्या पाटीची गाडी भाड्याने घेतो म्हणाला. नव्या वर्षाचा करार करताना दोन वर्षांचा, घर सोडताना ठरलेल्या किमतीला परत करता येईल असा छोटा वाटा ठेवता येतो का, हे वकिलांना विचारायला मी टिपून ठेवलं आहे.